इंजिनांतील तेलाची गळती व तिचा माग

जुन्या मालमोटारीच्या इंजिनांतून तेल गळूं लागलें म्हणजे मालक प्रथम जमिनीकडे पाहतो. गाडी रात्रभर जेथें उभी होती तेथें सकाळीं काळा डाग पडलेला असतो. त्या डागाच्या नेमका वर इंजिनाचा जो भाग येतो तोच दोषी, असा निकाल तो जागच्या जागीं देऊन टाकतो, आणि मिस्त्रीही बहुधा त्यास दुजोरा देतो. या घाईच्या निकालापायीं पुष्कळ पैसा व पुष्कळ दिवस फुकट जातात. तेल जेथें ठिबकतें तें त्याच्या प्रवासाचें अखेरचें ठिकाण होय. तें निघालें कोठून हा प्रश्न निराळा आहे, आणि आज मला त्याच प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

मी यंत्रविशारद नाहीं. माझें आयुष्य खेड्यांतील शाळेंत गणित आणि पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेलें. पण माझ्या विद्यार्थ्यांपैकीं तिघेचौघे पुढें मोटारधंद्यांत शिरले, व निवृत्त झाल्यापासून त्यांच्याजवळ बसून त्यांचें काम पाहणें हा माझा एक विरंगुळा होऊन बसला आहे. त्यांपैकीं एकाच्या गाडीची हकीकत ओघानें पुढें येईल. ती गाडी कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वीस-पंचवीस वर्षें राबलेलें कोणतेंही इंजिन या व्याधीस पात्र असतें.

प्रथम तेलाच्या चालीविषयीं थोडेंसें सांगतों. इंजिनाच्या तळाशीं तेलाचें जें भांडें असतें त्याला आपल्याकडील मिस्त्री चेंबर म्हणतात. तेथून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून पुढें ढकलतो, आणि बेअरिंगें, कॅम, टॅपेट, ब्रेकांसाठीं हवा भरणारा कॉम्प्रेसर या सर्वांना पाजून तें तेल आपल्याच वजनानें पुन्हां चेंबरांत उतरतें. म्हणजे इंजिनांत दोन प्रकारच्या जागा झाल्या. कांहीं ठिकाणीं तेल दाबाखालीं असतें, तर कांहीं ठिकाणीं तें नुसतें ओघळत असतें. दाबाच्या नळीला केसाएवढी चीर पडली तरी तेल पिचकारीसारखें उडतें, आणि इंजिन बंद होतांच तें उडणें थांबतें. चेंबराचें पॅकिंग कुजलें असेल किंवा तळाचा बूच सैल असेल तर मात्र गाडी उभी असतांनाही ठिबकणें चालूंच राहतें. यास्तव सायंकाळीं गाडी उभी करावी, बाहेरून चिकटलेलें तेल निथळण्यास तासदोनतास द्यावे, आणि मग खालीं स्वच्छ पुठ्ठा सरकवून सकाळीं तो पाहावा. पुठ्ठा कोरा निघाला तर तेलाच्या पातळीखालच्या सर्व जागा संशयांतून बहुतेक मोकळ्या झाल्या असें समजावें.

गळती किती आहे, हेंही मोजून ठेवावें. पाण्याचे सुमारें वीस थेंब म्हणजे एक घन सेंटिमीटर, असें आपण शाळेंत धरतों; तेलाचा थेंब त्याहून लहान पडतो, म्हणून तेलाचे तीस धरूं. दर दहा सेकंदांस एक थेंब पडला तर चोवीस तासांत ८,६४० थेंब, म्हणजे २८८ घन सेंटिमीटर तेल जाईल. पाव लिटराहून अधिकच. दर मिनिटास एक थेंब पडत असेल तर हाच आंकडा ४८ वर येतो. दुसऱ्या प्रकारची गाडी नजरेखालीं ठेवून कांहीं महिने चालवितां येते. पहिल्या प्रकारची चालवूं नये.

आतां प्रवासाकडे वळूं. चहाच्या किटलींतून सावकाश ओततांना चहा तोटीच्या खालच्या अंगाला चिकटून किटलीच्या पोटापर्यंत येतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेलाचा स्वभाव याहूनही चिकट. तें धातूच्या उलट्या पृष्ठभागावरूनही वाट काढतें, बोल्टांच्या डोक्यांना वळसे घालतें, कडेकडेनें सरकत राहतें आणि अगदीं सखल टोंक सांपडल्याखेरीज खालीं पडत नाहीं. त्यांत इंजिनाच्या तोंडाशीं पंखा. गाडी धांवत असतांना पंख्याचा व रस्त्याचा वारा हा सगळा ओलावा मागें रेटीत नेतो. त्यामुळें पुढच्या टायमिंग कव्हरमधून निघालेलें तेल असो कीं माथ्यावरील टॅपेट कव्हरमधून निघालेलें असो, तें अखेर जमतें एकाच ठिकाणीं: इंजिनाच्या मागच्या अंगास, फ्लायव्हीलच्या घराखालीं. दुर्दैवानें क्रँकचें मागील ऑइल सील बिघडलें असतांही तेल नेमकें तेथेंच दिसतें. सगळ्या वाटांचें पाणी एकाच ओढ्याला मिळावें आणि दोष मात्र एकाच शेतावर यावा, तसा हा प्रकार आहे.

मागील सीलावर आळ येणें महागांत पडतें, कारण तेथें हात पोंचण्यासाठीं आधीं प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, मग गिअरपेटी, क्लच व फ्लायव्हील हीं सर्व उतरवावीं लागतात. सील स्वतः स्वस्त असतें. मजुरी आणि बुडालेल्या खेपा महाग असतात. माझ्या त्या विद्यार्थ्याची गाडी लासलगांवाहून वाशीच्या बाजारांत कांदा नेते. मालक तोच, ड्रायव्हरही तोच. आठ महिन्यांत त्याने मागील सील दोनदां बदलून घेतलें. प्रत्येक वेळीं आठवडाभर डाग थांबला, आणि पुन्हां पडूं लागला. तिसऱ्या वेळीं मिस्त्रीनें क्रँकच बदलावा लागेल असें सांगितलें, तेव्हां तो माझ्याकडे आला. मी कांहीं करूं शकेन अशी त्याची अपेक्षा नव्हती. कर्ज काढावें कीं गाडी मोडींत घालावी एवढेंच विचारावयास तो आला होता.

त्याची चिंता नुसत्या पैशाची नव्हती. फ्लायव्हीलच्या घरांत शिरलेलें तेल क्लच प्लेटवर उडूं लागलें होतें. भरलेली गाडी घेऊन कसारा घाट उतरतांना ड्रायव्हर खालच्या गिअरवर इंजिनाच्या ओढीनें गाडी धरून ठेवतो, म्हणजे ब्रेक तापत नाहींत. क्लच तेलकट होऊन घसरूं लागला कीं हा आधार सुटतो, आणि सगळा भार ब्रेकांवर येतो. दुसरें भय आगीचें. इंजिनाच्या तेलांतून सामान्यतः दोनशें अंश सेल्सिअसच्या वर पेट घेण्याजोगी वाफ निघूं लागते, आणि भार घेऊन चढण चढणाऱ्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड याच्या दुपटीहूनही अधिक तापलेला असूं शकतो. शिवाय रस्त्यावर पडणाऱ्या तेलावर पहिल्या पावसांत दुचाकीवाले घसरतात, ही गोष्ट गाडीच्या मालकाच्या हिशेबांत कधींच येत नाहीं.

शोधाचा आरंभ डागापासूनच करावा, पण डाग कशाचा आहे येथून. आम्हीं गाडीखालीं पडणारे थेंब टीपकागदावर घेतले. डिझेल इंजिनाच्या वापरलेल्या तेलांत काजळी असते, म्हणून त्याचा डाग मध्यें काळा व कडेला तपकिरी उमटतो. गिअरपेटीचें तेल पिवळसर, दाट व गंधकाच्या उग्र वासाचें असतें. क्लचच्या घरांत तें सांपडलें तर गुन्हेगार गिअरपेटीचें पुढचें सील असतें, इंजिन नव्हे. डिझेल कागदावर भराभर पसरतें आणि वासावरूनच ओळखूं येतें. आमचा डाग काळा निघाला. तेल इंजिनाचेंच होतें.

यानंतरचें काम कंटाळवाणें असतें, आणि म्हणूनच तें बहुधा कोणी करीत नाहीं. इंजिन पूर्ण धुतल्यावांचून पुढें जाऊं नये. वर्षानुवर्षांचा तेल-धुळीचा थर जोंवर चढलेला आहे तोंवर आजचें तेल कोणतें व गेल्या दिवाळीचें कोणतें हें ब्रह्मदेवालाही कळणार नाहीं. इंजिन थंड असतांना रॉकेल किंवा डिझेल घेऊन ब्रशानें थर सोडवावा. पेट्रोल मुळींच वापरूं नये. आल्टर्नेटर, सेल्फ आणि हवेच्या फिल्टरचें तोंड प्लॅस्टिकनें बांधून घ्यावें, साबणाच्या कोमट पाण्यानें सर्व धुवावें, आणि अंग पूर्ण सुकूं द्यावें. डिझेल पंपावर जोराची पाण्याची धार मारूं नये. तापलेल्या पंपावर तर नाहींच नाहीं. चाकांना पुढून-मागून लांकडी ठोकळे लावल्यावांचून कोणीं गाडीखालीं शिरूं नये, व नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कधींच शिरूं नये. आमचा सबंध एक दिवस या धुण्यांत गेला.

अंग सुकल्यावर संशयाच्या सर्व जोडांवर शंखजिऱ्याची बारीक पूड कापडांतून उडवावी. घरांत सहज सांपडते म्हणून रांगोळी वापरण्याचा मोह होईल. पण ती दगडाची पूड, सीलांत शिरली तर कानशीसारखी घासते. शंखजिरें मऊ असतें. पांढऱ्या पुडीवर तेलाचा पहिला ठिपका उमटतो तेव्हां तो किती लहान असला तरी लपत नाहीं. मग इंजिन चालूं करून, पंख्यापासून धोतराचा सोगा आणि हात दूर ठेवून, विजेरी व दाढीचा लहान आरसा यांच्या साहाय्यानें दहा मिनिटें पाहावें. कांहीं गळत्या इंजिन थंड असतांना दिसत नाहींत. तेल तापून पातळ झाल्यावर आणि भार पडल्यावर त्या प्रकट होतात. म्हणून पांच-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणून पुन्हां पाहावें. नियम असा कीं ओल्या भागांपैकीं जो सर्वांत उंच आणि सर्वांत पुढें असेल तेथून शोध धरावा. खालचें सगळें ओलें त्याचें वंशज असण्याचा संभव असतो. तो एक दोष काढून पुन्हां धुवावें, पुन्हां पूड टाकावी. एकाच वेळीं चार ठिकाणचीं पॅकिंगें बदलणारा मनुष्य गळती कदाचित् थांबवील, पण कारण त्याला कधींच कळणार नाहीं.

आमच्या गाडींत पुडीनें एक चमत्कारिक गोष्ट दाखविली. एकाच जागीं ठिपका उमटण्याऐवजीं चार-पांच जागीं थोडथोडा ओलावा आला: टॅपेट कव्हरच्या कडेला, टायमिंग कव्हरच्या खालीं, बाजूच्या झाकणावर, आणि तेलाची उंची पाहण्याची गेज-पट्टी ज्या नळींत असते तिच्या तोंडाशींही. पट्टीच्या नळींतून तेल वर येण्याचें कांहींच कारण नाहीं. तेथें तेल दाबाखालीं नसतें. तें वर येत असेल तर आंतून कोणीतरी तें ढकलीत आहे.

हा ढकलणारा कोण, हें समजण्यासाठीं थोडा हिशेब करावा लागेल. १९५४ सालीं टेल्कोनें जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तें सहकार्य १९६९ पर्यंत चाललें. त्या परंपरेंतील सहा सिलिंडरांचें '६९७' हें इंजिन आपल्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या राबलें. या आंकड्यांत इंजिनाचें मापच सांगितलें आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. दट्ट्याची धांव १२८ मिलिमीटर, म्हणजे एकूण पोकळी सुमारें ५,६७५ घन सेंटिमीटर. हें माप केवळ उदाहरणादाखल घेऊं. मिनिटाला २,००० फेरे होत असतां चार धांवांच्या इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर हजार वेळां हवा घेतो, म्हणजे सगळे मिळून मिनिटाला सुमारें ५,६७५ लिटर. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, त्यांच्या कडेनें थोडा वायु खालीं चेंबरांत झिरपतोच. तो शेंकडा एक धरला तरी मिनिटाला सत्तावन्न लिटर, चार-पांच घागरी भरतील इतका वायु चेंबरांत येतो. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायु बाहेर जाण्यासाठीं इंजिनाला एक श्वासनलिका असते, तिचें नांव ब्रीदर. ती तुंबली तर वायूनें जावें कोठून? जेथें फट मिळेल तेथून तो निघतो, आणि निघतांना तेल बरोबर घेऊन जातो.

हा दाब मोजण्यास मोठें उपकरण लागत नाहीं. पारदर्शक प्लॅस्टिकची दीड मीटर नळी घेऊन ती फळीवर इंग्रजी 'यू' अक्षराप्रमाणें बांधली, दोन्ही भुजा साठ-साठ सेंटिमीटर ठेवल्या, आणि तींत निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरलें. गेजपट्टी काढून तिच्या नळीला रबराच्या तुकड्यानें आमची नळी घट्ट जोडली. सातवीच्या वर्गांत वायूचा दाब शिकवितांना मीं हा प्रयोग किती वेळां केला असेल त्याची गणती नाहीं. तो मालमोटारीवर मात्र प्रथमच केला. इंजिन मंद चालूं असतां एका भुजेंतील पाणी दुसरीपेक्षां हातभर वर चढलें. गॅरेजमधील मुलानें अॅक्सिलरेटर दाबतांच तें नळीच्या तोंडांतून उसळून बाहेर पडलें. म्हणजे दाब साठ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका तरी होता.

साठ सेंटिमीटर पाणी ऐकण्यास क्षुल्लक वाटतें. परंतु एक सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास एक ग्राम. साठ सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद अशा एखाद्या झाकणाचें क्षेत्र सहाशें चौरस सेंटिमीटर. त्यावर आंतून छत्तीस किलोग्रामांचा रेटा बसतो. पातळ पत्र्याचें झाकण आणि बुचाचें पॅकिंग हा रेटा अहोरात्र सोसूं शकत नाहीं. क्रँकच्या मागील सीलाची स्थिति याहून बिकट. पुष्कळशा जुन्या इंजिनांत तेथें रबराऐवजीं वळलेल्या दोरासारखें पॅकिंग असतें, व त्याची सगळी रचना आंतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखा असेल या भरंवशावर केलेली असते. नवीं दोन्ही सीलें निर्दोष होतीं. त्यांच्यापुढें जें काम टाकलें होतें तें सीलाचें नव्हतेंच.

ब्रीदरची नळी काढली तेव्हां तिच्या आंतील तारेची जाळी काळ्या, लोण्यासारख्या गाळानें भरलेली आढळली, आणि खालच्या तोंडाला चिखलाचा घट्ट गोळा बसलेला होता. जाळी रॉकेलांत रात्रभर भिजवून साफ केली, नळींत वारा मारला, आणि पाण्याची नळी पुन्हां जोडली. त्याच वेगाला आतां दोन्ही भुजांतील फरक अवघा तीन सेंटिमीटर राहिला. "गुरुजी, म्हणजे क्रँक बदलावयाचा नाहीं?" एवढेंच माझा विद्यार्थी बोलला. ब्रीदर स्वच्छ करूनही पाणी तितकेंच चढलें असतें तर मात्र रिंगा व लायनर झिजले असें समजून इंजिन खोलण्यावांचून गत्यंतर नव्हतें. निरनिराळ्या इंजिनांना या दाबाची मर्यादा निरनिराळी असते व ती कारखान्याच्या पुस्तकांत दिलेली असते. तिच्याशीं ताडून पाहावें.

ज्यांच्याजवळ नळी नाहीं त्यांनीं तेल भरण्याच्या तोंडावरील टोपण, इंजिन मंद चालूं असतां, सोडवून उलटें ठेवून पाहावें. तें जागच्या जागीं थरथरलें तर ठीक. उडून पडूं लागलें किंवा धुराचे लोट येऊं लागले तर ब्रीदर आणि रिंगा यांच्याकडे पाहावें. ही परीक्षा ढोबळ आहे, पण तिला अर्धें मिनिट पुरतें.

पुन्हां धुऊन पूड टाकल्यावर चार ठिकाणचा ओलावा नाहींसा झाला. एक राहिला: बाजूच्या पत्र्याच्या झाकणाचा मागचा कोपरा. तेथून निघालेली ओली रेघ ब्लॉकच्या अंगावरून थेट फ्लायव्हीलच्या घराकडे जात होती. झाकण काढून कांचेवर ठेवलें तों बोल्टांच्या भोंकांभोंवतीं पत्रा आंत ओढला जाऊन वाट्यांसारखा झालेला दिसला. गळती थांबावी म्हणून कोणी ना कोणी दरवेळीं पाना आणखी आंवळीत गेला होता. जितकें आंवळावें तितका पत्रा भोंकापाशीं दबतो आणि दोन बोल्टांच्या मध्यें उचलला जातो. सपाट लोखंडावर लांकडी हातोडीनें तो सारखा केला, नवें बुचाचें पॅकिंग बसविलें, आणि बोल्ट मधून कडेकडे थोडे थोडे करीत बेतानें आंवळले. या सगळ्याला क्लचच्या एका नव्या प्लेटइतकाही खर्च आला नाहीं.

अलीकडे तेलांत घालण्याचा एक चकाकणारा रंग मिळतो. तो घालून गाडी कांहीं वेळ चालविली आणि अतिनील प्रकाशाच्या विजेरीनें पाहिलें म्हणजे गळतीची वाट पिवळी-हिरवी चमकते. साधन चांगलें आहे, परंतु डिझेल इंजिनाच्या काजळीनें काळ्या झालेल्या तेलांत ती चमक मंद पडते. तेल नुकतेंच बदललें असतां तें वापरावें. गळती बंद करणारीं म्हणून जीं औषधें बाटल्यांतून विकलीं जातात तीं बहुतेक रबर फुगवून काम करतात. वाळलेल्या रबरी सीलाला त्यांनीं थोडे दिवस उतार पडतो, पण फाटलेल्या गॅस्केटला किंवा तुंबलेल्या ब्रीदरला त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. दाट तेल घालून गळती झांकणें तर मला मुळींच पसंत नाहीं. थंडींत सकाळीं तें दूरच्या बेअरिंगांपर्यंत पोंचण्यास वेळ लावतें.

मागील सील खरोखरच दोषी निघाल्याचीं उदाहरणेंही आहेत. वरचे सर्व जोड कोरडे, ब्रीदर मोकळा, दाब बेताचा, गिअरपेटीचें तेल जागच्या जागीं, आणि तरीही फ्लायव्हीलच्या घरांतून काळें तेल येतें, असें ठरल्यावर गिअरपेटी उतरवावी. मात्र उतरवल्यावर नुसतें जुनें काढून नवें ठोकूं नये. जेथें रबरी सीलाची धार क्रँकवर फिरते तेथें बोटाचें नख आडवें फिरवून पाहावें. नख अडकलें तर वर्षांनुवर्षांच्या घासण्यानें तेथें खांच पडली आहे, आणि नवीन सील त्याच खांचेंत बसून पुन्हां गळेल. अशा वेळीं जागा असल्यास सील मिलिमीटर-दीड मिलिमीटर मागें-पुढें बसवावें, किंवा क्रँकवर पातळ पोलादी स्लीव चढवावी. क्रँक वर-खालीं हलवून मेन बेअरिंगाची ढिलाई पाहावी. दांडाच डगमगत असेल तर सील त्याच्यामागें कितीसें धांवणार? सीलाची स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, धारेला आधीं तेल लावावें, आणि हातोडीचा घाव एकाच बाजूवर घालूं नये. शेवटीं, ब्रीदर व गेजपट्टीचें तोंड बुचांनीं बंद करून आंत हवा सोडावी, चौरस इंचास दोन पौंडांपेक्षां अधिक नाहीं, आणि सीलाभोंवतीं साबणाचें पाणी लावावें. पांच मिनिटांत बुडबुडा उठला नाहीं तरच हवा सोडून देऊन, बुचें काढून, फ्लायव्हील वर चढवावें.